बेटावर गेलेल्या अक्षता

मला बोट लागते. एकदा अलिबागला जाताना जे व्हायचं ते सगळं झालं, तेव्हापासून मी पाण्याच्या वाटेला गेलेले नाही. आणि नोकरी काय, तर समुद्रातल्या बेटांना वीज पुरवायची! तीही चाकणच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली बसून, जिथे पाणी म्हणजे टँकर.

आमच्या कंपनीत कंटेनर तयार होतात. ट्रेलरवर बघता ना, तसलेच लोखंडी डबे, पण आत बॅटऱ्यांची कपाटं आणि एक मोठा इन्व्हर्टर. लहान बेटांना बाहेरून तार येत नाही. तिथे डिझेलचं इंजिन असतं, डिझेल बोटीनं येतं, आणि बोट चुकली की अख्खं बेट अंधारात. आमचा डबा तिथे गेला की दिवसा सोलर पॅनलची वीज साठवून ठेवतो, रात्री देतो, आणि इंजिनाला सुट्टी. एवढं सोपं आहे, पण नातेवाइकांना समजावून सांगता सांगता माझी निम्मी लग्नं-मुंजी तिथेच संपतात.

माझ्या कार्डावर लिहिलंय प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. सासूबाईंनी एकदा विचारलं, "पण तू तिथे नक्की करतेस काय गं?" म्हटलं, "बेटावरच्या लोकांशी बोलते." त्या म्हणाल्या, "बोलायचे पगार मिळतात होय? मग घरी फुकट का बोलतेस एवढं?" तर अशी आमच्या घरात माझ्या कामाची किंमत. रोज सकाळी निगडीहून निघायचं, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये कुठल्यातरी ट्रेलरच्या मागे उभं राहून आयुष्याचा विचार करायचा, आणि ऑफिसला पोचलं की बेटावर फोन लावायचा.

ही गोष्ट ज्या बेटाची, ते इतकं पूर्वेला की तिथे संध्याकाळ व्हायची तेव्हा आमच्याकडे जेवणाची सुट्टी. तिथलं डिझेलचं इंजिन सांभाळणारा माणूस रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर यायचा, कारण त्याला तेव्हा दुसरीकडे कुठे जाताच यायचं नाही. इंजिन म्हातारं झालं होतं. कुणी घरात पंखा लावला की ते दबायचं, कुणी बंद केला की बेफाम धावायचं. मग हा गडी बाजूला स्टुलावर बसून एका लोखंडी दांडीनं त्याचा वेग कमी-जास्त करायचा. दिवे लागल्यापासून दिवे मालवेपर्यंत, रोज. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते इंजिन दादच द्यायचं नाही. त्याच्या मागे ते धडधडायचं आणि आम्ही दोघं आपापल्या मोडक्या इंग्रजीत एकमेकांवर ओरडायचो. कँटीनमधले लोक विचारायचे, "मॅडम, भांडण चाललंय का?"

एके दिवशी तो ओरडून म्हणाला की मुलीचं लग्न ठरलं. मी ओरडून अभिनंदन केलं. मग त्यानं विचारलं, तुमचा डबा लग्नाच्या आधी पोचून चालू होईल का? म्हटलं, का हो? तर म्हणाला, लग्न संध्याकाळी आहे. इंजिन चालू ठेवायचं तर मी शेडमध्ये, आणि मी लग्नात गेलो तर लग्न अंधारात.

"मग दिवसा का करत नाही?" मी आपली शहाणपणानं म्हटलं.

"दिवसा ऊन असतं," तो म्हणाला. "आणि आमच्यात जेवणानंतर नवरीचा बाप नवरीबरोबर नाचतो. भर उन्हात, भरल्या पोटी नाचू?"

मी कपाळावर हात मारला.

मी हे शॉपमध्ये, म्हणजे जिथे डबे जुळवले जातात त्या शेडमध्ये, सांगितलं. आता खरं सांगायचं तर आमच्या शॉपला सूर्य, धूर, पृथ्वी यांचं फारसं काही पडलेलं नव्हतं. मोठे साहेब "आपण पृथ्वी वाचवतोय" म्हणून भाषण करायचे तेव्हा लोक घड्याळाकडे बघायचे, कारण कंपनीची बस सुटायची वेळ झालेली असायची. पण नवरीचा बाप लग्नात नसणार म्हटल्यावर एकानंही घड्याळाकडे पाहिलं नाही, राव.

पहिले बोलले ते मामा. मामा म्हणजे आमचे असेंब्लीचे फोरमन. शेजारच्याच गावचे, कंपनी यायच्या आधीपासूनचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, साहेबसुद्धा. हातातला पाना खाली ठेवून ते म्हणाले, "म्याडम, बाप लेकीच्या लग्नात न्हाई? आन मंग त्यो बाप कसला, वायरमनच झाला की!" आणि उलटे फिरून पोरांवर खेकसले, "बघताय काय? लावा हात!"

त्यानंतर तो डबा ज्या वेगानं तयार झाला त्याचं नवल साहेबांना आजही वाटतं. ओव्हरटाइम मागायला कुणी आलं नाही. "नवरीच्या डब्याचं काय झालं?" असं एकमेकांना विचारायचे. मला नवरीचा फोटो मागवायला लावला. तो बघून वायरिंगच्या बायकांनी, पोरगी नाकीडोळी नीटस आहे पण जरा बारीक आहे, असा निकाल दिला. कोण कुठली पोरगी, आणि ह्यांना तिच्या वजनाची काळजी!

डबा निघायच्या दिवशी पूजा. आमच्याकडून काहीही बाहेर पडतं ते हळदीकुंकू लावून, हार घालून, नारळ फोडूनच. पण या खेपेला मी आधीच बजावून ठेवलं होतं. बेटांवर बाहेरचं झाडपान, बी, माती, किडा काही चालत नाही. एक किडा गेला तरी त्यांची सगळी बागायत बुडू शकते. त्यांचा तपासनीस डबा उघडून बघतो. म्हणून पूजा बाहेर, जमिनीवर, आणि डब्याच्या आत काहीही म्हणजे काहीही जाता कामा नये. मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, दारावर कागद चिकटवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या एकमतानं माना डोलावल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पूजा झाली, हार काढला, दार बंद झालं, सील लागलं, ट्रेलर गेला. कितीतरी आठवड्यांनी डबा बेटाच्या धक्क्यावर उतरला. आमचा एक इन्स्टॉलेशनवाला तिकडे आधीच जाऊन बसला होता. लातूरकडचा, कट्टर शाकाहारी, आणि बेटावर माशाशिवाय बात नाही. त्याचा रोजचा मेसेज एकच: "म्याडम, आजबी भात अन् सॉस." त्या दिवशी मात्र वेगळा मेसेज आला. "म्याडम, बाईनं डबा उघडलाय. तुमी लगेच व्हिडिओवर या. लई राडा झालाय."

मी कँटीनमध्येच फोन उभा केला. पडद्यावर एक करड्या केसांची, जाड चष्म्याची बाई. हातात चिमटा, चिमट्यात झेंडूची पाकळी. ही तपासनीस बाई. शेजारी आमचा इंजिनवाला, चेहरा पडलेला, आणि मागे धक्क्यावर उघडा डबा.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"फूल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी पाकळी एका पिशवीत टाकली आणि दुसरी पिशवी उचलली. लिंबू-मिरची. तिसरी पिशवी. खोबऱ्याचा तुकडा. तेवढ्यात इंजिनवाल्याला राहवलं नाही. त्यानं आजूबाजूच्या माडांकडे हात केला आणि म्हणाला, "आमच्याकडे नारळ कमी आहेत असं तुम्हाला वाटलं का?" एवढ्या संकटात मला हसू आलं, आणि बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विरलं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. डबा असाच आत घेता येणार नाही. एक तर किडे मारायचा विषारी धूर देऊन बंद ठेवायचा, नाहीतर आल्या बोटीनं परत. त्या धुरानं तांब्याची वाट लागते, आणि आमच्या डब्यात नुसतं तांबंच तांबं. परत पाठवला तर लग्न सोडा, नवरीच्या पोराच्या बारशालाही दिवा लागला नसता. मी हातापाया पडले. शेवटी बाई म्हणाल्या, ठीक आहे, हातानं साफ करा. पण कुठे कुठे काय ठेवलंय ते सगळं मला कळलं पाहिजे. माझ्या शेवटच्या तपासणीत न सांगितलेली एक पाकळी सापडली, तर डबा परत.

मी फोन तसाच धरून शॉपमध्ये गेले आणि मोठ्यानं विचारलं, "कुणी काय ठेवलंय आत?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. जणू त्या फरशीसारखी सुंदर गोष्ट जगात दुसरी नाही.

"अरे, नवरीचा बाप ऐकतोय तिकडे! बोला!"

मग फुटला बांध. वायरिंगच्या एका बाईनं सांगितलं, जंक्शन बॉक्समध्ये एक फूल, "छोटंसंच." दुसरीनं विचारलं, "तू पण?" लिंबू-मिरची आणि खोबरं स्टोअरवाल्याचं. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं दोन उदबत्त्या कपाटामागे खोचल्या होत्या, पेटवलेल्या नव्हत्या, असं तो शपथेवर म्हणाला. तपासून "आत काही नाही" असा शिक्का मारणाऱ्या क्वालिटीच्या माणसानं स्वतःच शिक्क्याच्या कागदामागे तुळशीचं पान ठेवलं होतं! म्हटलं, अहो, तुम्ही तर तपासत होतात ना? तर म्हणाला, "तपासलं ना मॅडम. सगळं व्यवस्थित होतं, म्हणून तर ठेवलं."

मी एकेक जागा सांगत गेले. तिकडे आमचा लातूरवाला आणि इंजिनवाला टॉर्च आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन पालथे पडून एकेक वस्तू काढत होते. व्हॅक्यूम क्लीनर चालवायला पुन्हा तेच म्हातारं इंजिन, त्यामुळे इंजिनवाला मधूनच उठून दांडी हलवायला पळायचा. मग बाईंचा आवाज एकदम बदलला. "इथे मुंग्या आहेत."

मुंग्या म्हणजे खेळ खलास. इन्व्हर्टरच्या वरच्या कप्प्यात काहीतरी तपकिरी, दगडासारखं घट्ट झालेलं, आणि भोवती मुंग्या. बाईंनी भिंग लावून पाहिलं. मेलेल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. प्रवासातल्या उन्हानं भाजून निघाल्या असणार. पण हा पदार्थ कोणता, आणि तो सांगितला का नाही?

शॉपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात माझ्या मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. मोठे साहेब. कान लाल झालेले.

"पेढा आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या वहिनींनी दिला होता. म्हणाल्या, चांगलं काम करताय, तोंड गोड करा. आता मशीनला तोंड कुठे असतं... म्हणून आपलं वरच्या कप्प्यात."

पृथ्वी वाचवणाऱ्या माणसाचा पेढा! शॉप आतून हसून फुटत होतं, पण एकाही ओठाची कड हलली नाही. असे शिस्तीचे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

सगळं निघालं, आणि शेवटी बाईंनी एक पुडी पुढे धरली. लाल कापडाची, दोऱ्यानं नीट बांधलेली. दाराच्या आतल्या कडीला अडकवलेली होती. आत हळदीचे तांदूळ, एक सुपारी आणि रुपयाचं नाणं. "हे बी आहे," बाई म्हणाल्या. "पेरायला पाठवलंय का?"

"नाही नाही, पूजेचं असणार," मी म्हटलं आणि शॉपकडे वळले. "ही कुणाची?"

ज्या लोकांनी उदबत्तीसुद्धा कबूल केली, ते पुडीवर गप्प. बाईंनी चष्मा पुसला आणि सांगितलं, उद्या याच वेळेपर्यंत या पुडीचा खुलासा झाला नाही तर डबा आल्या बोटीनं परत जाईल. इंजिनवाला नुसता उघड्या डब्याकडे बघत होता, आणि त्याच्या अंगावरचा शर्ट घामानं आणि धुळीनं काळा झाला होता. मला इतका राग आला की काय सांगू. म्हटलं, लाडाकोडात एका माणसाचं लेकीचं लग्न घालवताय तुम्ही! आणि चहा घ्यायला बाहेर निघून गेले.

गेटबाहेरच्या टपरीवर मामा उभे होते. चहा हातात तसाच, साय धरलेला.

"म्याडम, ती पुडी माजी हाय."

मी भडकलेच. "मामा, तुम्ही? मघाशी का नाही बोललात? मशीनला अक्षता कशाला लागतात हो?"

"मशीनला न्हाई," मामा म्हणाले. "पोरीला. लग्न हाय म्हनला तुमी. आपल्याला काय जाया येनार न्हाई. म्हनलं, अक्षता तरी फुडं जाऊ द्या. आन समद्यांच्या म्होरं कसं सांगू? हसतील ना."

मग त्यांनीच सांगितलं. थोरल्या लेकीचं लग्न गावात होतं, वावरात मांडव. मुहूर्ताच्या तोंडावर वीज गेली आणि मांडववाल्याचा जनरेटर खोकायला लागला. सगळे म्हणाले, मामा आहेत की, कंपनीतले आहेत, बघतील. बापाला वावराच्या कडेला जनरेटरपाशी धाडलं. "मंगलाष्टका लाउडस्पीकरवर आयकल्या," मामा म्हणाले. "एका हातात पाना, एका हातात अक्षता. इकडं त्यो बंद पडंल म्हनून हलता यीना. सावधान झालं तवा काय करनार? टाकल्या त्या जनरेटरवरच."

असं म्हणून मामा हसले. मला मात्र हसू आलं नाही, रडूच आलं, आणि मी ते चहाच्या वाफेवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं जसंच्या तसं बाईंना आणि इंजिनवाल्याला सांगितलं. पाना, लाउडस्पीकर, जनरेटर, सगळं. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण जनरेटरपाशी अडकलेला बाप त्या माणसाला मोडक्या इंग्रजीतही कळायचा राहिला नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि उगाचच दांडी हलवली. बाईंनी पुडी पुन्हा दोऱ्यानं नीट बांधली. मग म्हणाल्या, "खुलासा मिळाला. डबा आत घ्या. पण ही पुडी मला नष्ट करावी लागेल. नियम आहे." म्हटलं, करा बाई, नियमानं करा. मामांना मी फक्त डबा सुटल्याचं सांगितलं, पुडीचं काय होणार ते सांगायला जीभ रेटली नाही.

नंतरच्या दिवसांत लातूरवाल्यानं पॅनलच्या तारा जोडल्या, आम्ही इथून आकडे बघत राहिलो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आमचा डबा चालू झाला. इंजिनवाल्यानं स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं. लातूरवाला सांगत होता, बेटावर एवढी शांतता झाली की कुत्री भुंकायला लागली, आणि म्हाताऱ्या बायका दारात येऊन कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या.

लग्नाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अख्खं शॉप कँटीनमध्ये. फोन पाण्याच्या जगला टेकवलेला. साहेबही आले होते, पण पेढे न आणता. पडद्यावर दिव्यांच्या माळा, फुलाफुलांचा शर्ट घातलेला इंजिनवाला, आणि त्याच्या हातात हात घालून नवरी. नाच सुरू झाला. गडी नाचत होता, पण दर दोन पावलांना मान शेडकडे वळायची. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे कानात इतकं मुरलेलं. तो थांबला की दिवे बघायचा. दिवे चालूच. शेवटी नवरीनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून आपल्याकडे वळवलं. वायरिंगच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि एकीनं तरीही म्हटलं, "बारीकच आहे हो."

मग तपासनीस बाई पडद्यावर आल्या. पहिली बोट निघून गेली होती, पुढची अजून यायची होती, त्यामुळे त्याही पाहुण्या. हातात एक लहानशी वाटी. फोनजवळ येऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या फोरमनना सांगा, सुपारी जाळली. नाणं धुतलं, ते वडिलांच्या खिशात आहे. आणि बी उगवणार नाही अशा पद्धतीनं नष्ट केलंय. माझ्या समोर शिजवलंय."

वाटीत मूठभर पिवळा भात होता. बाईंनी ती नवरीला दिली. नवरीनं एक घास खाल्ला, एक नवऱ्याला भरवला, आणि उरलेला बापाच्या तोंडात घातला.

मी मामांना सांगितलं, त्या तुमच्या अक्षता आहेत. मामा उठले. नवरी फोनकडे बघून हात हलवत होती. मामांनी आपल्या ताटातला भात चिमटीत घेतला आणि टाकला थेट पडद्यावर, तिच्या डोक्यावर.

"अहो मामा, माझा फोन!" मी ओरडले.

"असू द्या, म्याडम," मामा म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते काही त्यांनी लपवले नाहीत. "मागल्या खेपंला जनरेटरवर पडल्या व्हत्या. आज पोरीवर पडल्या."

मग काय, मीही ताटात हात घातला.